चाकं लावलेली होडी: मांगरातल्या बर्कलीच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

सगळे गावी जमलेत, जेवण जड झालंय, आणि त्या जोरावर दुपारी मांगर (घराबाहेरची अडगळीची खोप) साफ करायला काढला. वर नारळाची सोडणं, त्याखाली जुनी कौलं, त्याखाली फाटकं जाळं, आणि सगळ्यात खाली डॉक्टरआजोबांची गाडी. ती तिथे आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण शेवटची कोणी बघितली ते कोणी सांगू शकेना. डॉक्टरआजोबा म्हणजे बाबांचे काका. इंग्लंडात हॉस्पिटलात होते, साठच्या दशकात परत आले तेव्हा ही बोटीने मुंबईत उतरवली, काही वर्षं दादरला चालवली, मग मशीन बसली आणि पार्ट मिळेना म्हणून ट्रकात घालून देवगडला. तेव्हापासून इथेच.

मला वाटलेलं आता नुसता गंजाचा ढीग मिळणार. इथली हवा काय आहे ते सांगायला नको, खाडीपासून दोनशे मीटरवर घर, नवीन स्कूटरचा सायलेन्सर चार पावसाळ्यात जातो. पण अंग अख्खं! धुळीखाली बोट फिरवलं तर मळकट लाल रंग. लोखंडाचं जे जे होतं त्याचा भुगा झालाय, अॅल्युमिनियमला पांढरी फुलं आलीयत, आणि बॉडी मात्र तशीच. फायबरची आहे.

चौघांनी उचलून बाहेर काढली, खरंच उचलून, मशीन नाहीये आत. भावोजी म्हणाले ही खेळण्यातली तर नाही ना. लांबीला दहा फुटांच्या थोडी वर, उंची माझ्या कमरेच्या आसपास.

१० नोव्हेंबर

आज पाण्याने धुतली. नाकावरचा बॅज अर्धा तुटलाय पण नाव वाचता येतं, बर्कली. (इंग्रज लोक बार्कली म्हणतात म्हणे, आपण बर्कलीच म्हणू.)

आत्याला फोन केला. तिला लहानपणी यात बसवून शिवाजी पार्कला फिरवलेलं आहे. ती ठाम, "तेका बुलेटचा इंजान होता. माका आठवता, ह्यांका सगळे इचारीत, बुलेटच्या इंजानाची गाडी म्हणान."

हे ऐकून मी रात्री झोपलोच नाही. कारण बर्कलीने १९५९ मध्ये खरंच एन्फिल्डचं मशीन घातलेल्या गाड्या काढल्या होत्या, बी ९५ आणि बी १०५. बी ९५ मध्ये सुपर मीटिअरचं, बी १०५ मध्ये कॉन्स्टेलेशनचं, दोन्ही ६९२ सीसी, दोन सिलिंडर. आणि गंमत बघा, ते ६९२ चं बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिमी. ३५० बुलेटचं पण तेच, ७० आणि ९०. म्हणजे दोन बुलेट शेजारी शेजारी ठेवल्या की झालं मीटिअर. आत्या चुकत नसेल तर मांगरात सोनं आहे, या दोन्ही मिळून दोनशेच्या आसपासच बनल्या.

१७ नोव्हेंबर

सोनं नाही.

बी ९५ आणि बी १०५ चं तोंड वेगळं असतं. एन्फिल्डचं मशीन उंच, चारस्ट्रोक, ते आधीच्या बुटक्या बॉनेटखाली मावेना म्हणून नाक उंच केलं, जाळी मोठी चौकोनी केली आणि हेडलाइट उघडे, उभे लावले. आपल्या गाडीचे हेडलाइट नाकाच्या उतारातच बुडालेत, वर पारदर्शक प्लास्टिकचं झाकण बसायच्या खाचा स्पष्ट दिसतात. म्हणजे ही आधीची, १९५६ ते ५९ मधली, टूस्ट्रोकवाली. आत्याला सांगायचा धीर होत नाहीये.

चारही चाकं आहेत म्हणजे टी ६० पण नाही. टी ६० ही त्यांचीच तीनचाकी, मागे एकच चाक, १९५९ मध्ये आली आणि सगळ्यात जास्त तीच खपली, अठराशेच्या वर. कारण साधं, इंग्लंडात हलक्या तीनचाकीला टॅक्स कमी. तिथे पण लोक आपल्यासारखेच, टॅक्स वाचला की एक चाक कमी चालतं.

२४ नोव्हेंबर

आठवडाभर रोज रात्री दुकान बंद केल्यावर वाचत बसतोय. (माझं कणकवलीला इलेक्ट्रिकचं दुकान आहे, गाड्यांशी संबंध वायरिंगपुरताच.) जे कळलं ते इथे टाकून ठेवतो, नाहीतर विसरेन.

बर्कली ही गाड्यांची कंपनी नव्हतीच. बर्कली कोचवर्क्स, गाव बिगल्सवेड, बेडफर्डशायर. कॅराव्हॅन बनवायचे, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकावरची खोली, सुट्टीत लोक घेऊन फिरतात ती. मालक चार्ल्स पँटर. कॅराव्हॅनचा धंदा म्हणजे सीझनचा, उन्हाळ्याआधी मागणी आणि मग कामगार बसून. आपल्याकडे आंब्याच्या पेट्या करणाऱ्यांना विचारा हे दुखणं काय असतं. तर कारखाना वर्षभर चालता राहावा म्हणून काहीतरी दुसरं हवं होतं, आणि हातात कला होती फायबरची.

त्याच वेळी लॉरी बाँड नावाचा माणूस त्यांना भेटला. हा डोकेबाज. याने आधी बाँड मिनिकार नावाची तीनचाकी काढलेली आणि ती प्रेस्टनच्या शार्प्स कमर्शियल्स कंपनीला दिलेली, १९४९ पासून ती बनत होती. याचं डोकं एकाच दिशेने चालायचं, वजन कमी करा, मोटरसायकलचं मशीन घाला, पुढची चाकं फिरवा. या दोघांचं जमलं आणि १९५६ च्या लंडनच्या अर्ल्स कोर्ट मोटर शोमध्ये बर्कली स्पोर्ट्स उभी राहिली. दोन माणसांची, उघडी, किंमत टॅक्ससकट पावणेसहाशे पौंडांच्या आसपास.

वेळ पण कशी साधली. त्याच वर्षी जुलैत इजिप्तच्या नासेरने सुएझ कालवा ताब्यात घेतला, लढाई झाली, आणि डिसेंबर १९५६ पासून मे १९५७ पर्यंत इंग्लंडात पेट्रोल रेशनवर. छोट्या मशीनच्या गाड्यांना एकदम भाव आला.

पहिल्या गाडीत ब्रिटिश अंझानीचं मशीन होतं, ३२२ सीसी, टूस्ट्रोक, दोन सिलिंडर, १५ हॉर्सपॉवर. ही अंझानी कंपनी होडीची आउटबोर्ड मशिनं पण बनवायची!! हे वाचून मी एकटाच हसलो. आपल्या बंदरात जी पोरं आउटबोर्ड खांद्यावर घेऊन जातात, त्याच जातीचं मशीन घालून इंग्रजांनी स्पोर्ट्स कार विकली.

१ डिसेंबर

काही नाही केलं. लग्न होतं.

१५ डिसेंबर

दाजी येऊन गेले. दाजी म्हणजे बंदरात फायबरच्या होड्या करतात ते, माझ्या बहिणीच्या सासरचे, तीस वर्षं याच कामात. मी आधी दोन गाड्यांच्या गॅरेजवाल्यांना दाखवलेली, एकाने नुसतं डोकं हलवलं, दुसरा म्हणाला पत्र्याची नवीन बॉडी मारून देतो. पत्र्याची! इथे!

दाजी आले, गाडीभोवती एक फेरी मारली, खिशातून पाच रुपयाचं नाणं काढलं आणि सगळीकडे टकटक करत सुटले. ठण ठण ठण करत नाणं वाजतं आणि मधेच भद् असा आवाज येतो, तिथे आतले थर सुटलेत. खडूने गोल करत गेले. मग खाली झोपून बॅटरी मारून बघितलं आणि तिथूनच आवाज आला,

"अरे मेल्या, ही गाडी खंयची? ही होडीच आसा. चाकां लावलेली होडी."

आणि शब्दशः खरं आहे ते. हिला चॅसिसच नाही. बाकी गाड्यांना खाली लोखंडाची शिडी असते आणि वर बॉडी नुसती ठेवलेली. अमेरिकेची १९५३ ची कॉर्व्हेट पण फायबरची, पण तिच्याही खाली पोलादी फ्रेम होती, फायबर म्हणजे वरचा सदरा. बर्कलीत तसं नाही. मोठे तुकडे तीन, खालचा तळ, पुढचं नाक आणि मागची शेपूट. ते एकमेकांना चिकटवलेले, आणि जिथे ताण येतो तिथे आत अॅल्युमिनियमचे पडदे आणि पेट्या. सगळं वजन फायबरवर. होडीचं हल (खालचं अंग) आणि डेक (वरचा मजला) जसं जोडतात तसंच.

फायबरच्याच अंगावर उभी असलेली पहिली गाडी म्हणून सगळे लोटस एलिटचं नाव घेतात. एलिट मोठी देखणी, वाद नाही, छपरासकट सगळा ताण फायबरवर, ते जास्त अवघड काम. पण ती १९५७ च्या शोमध्ये आली. बर्कली त्याच हॉलमध्ये एक वर्ष आधी उभी होती, कॅराव्हॅनवाल्यांनी केलेली. माझं मत असं की नाव मोठं असलं की पहिलेपणा पण त्याच्याच खात्यावर जमा होतो.

दाजींनी काम घेतलं. अट एकच, "मशिनीचा माका काय इचारू नको." आणि घाई करायची नाही, होड्यांची कामं आधी.

५ जानेवारी २०२५

मशीनचा शोध चालू होता, मशीन नाही पण मशीनचा सिलिंडर सापडला. कुठे, तर विहिरीजवळ, आई त्यात तुळशीचं रोप लावायची. एक भांडं म्हणून. पंख्या असलेलं ओतीव लोखंडाचं भांडं आणि तळ नाही, पाणी निचरून जायला बरं!

रोप दुसरीकडे लावलं (आईची परवानगी घेऊन), डिझेलमध्ये दोन दिवस बुडवून ठेवला, व्हर्नियर लावला. गंज काढून बोअर ५८ आणि वर थोडं. याचा अर्थ अंझानी नाही, अंझानीचं बोअर ६०, स्ट्रोक ५७. ५८ बोअर आणि ६२ स्ट्रोक हे बर्मिंगहॅमच्या एक्सेलसियर कंपनीच्या टॅलिसमन मशीनचं माप. बर्कलीने १९५७ मध्ये अंझानी सोडून हेच घेतलं, ३२८ सीसी, १८ हॉर्सपॉवर.

पण इथेच घोडं अडलं. कारण त्याच वर्षी त्यांनी ४९२ पण काढली, तीन सिलिंडर, तीन कार्ब्युरेटर, ३० हॉर्सपॉवर. आणि ४९२ म्हणजे नवीन मशीन नाही, त्याच ३२८ ला शेजारी अजून एक सिलिंडर लावलेला. कागदावर मांडून बघा, ५८ आणि ६२ मापाचा एक सिलिंडर होतो १६४ सीसीच्या जवळपास. दोन केले ३२८, तीन केले ४९२. सिलिंडर सुटा, तोच. म्हणजे तुळशीच्या कुंडीवरून सांगताच येत नाही की भावंडं किती होती.

४९२ असेल तर मजा आहे. आमच्याकडे गाडीला केळफूल म्हणायला सुरुवात झालीये, लाल रंग आणि टोकदार नाक.

१९ जानेवारी

क्रँककेस (सिलिंडर ज्यावर बसतात ते मशीनचं खालचं कवच) मिळाली, मांगराच्याच माळ्यावर, पोत्यात बांधलेली. डॉक्टरआजोबांनी मशीन उघडलेलं दिसतंय आणि मग तसंच राहिलं. वरती भोकं दोन. विषय संपला, दोन सिलिंडरवाली, म्हणजे एसई ३२८ मॉडेल.

सोबत पोत्यात एक पिस्टन, रिंगा त्यात चिकटून बसलेल्या, बाजूला ओरखडे. मशीन जाम झालेलं, त्यामुळे उघडलेलं. यात नवल काही नाही. हे मोटरसायकलचं मशीन, हवेवर थंड होणारं. मोटरसायकलवर ते उघड्यावर असतं, समोरून वारा. इथे ते नाकाच्या आत आडवं कोंडलेलं, त्यात पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं ते दादरच्या पंपावर कोणी किती घातलं देव जाणे.

आणि बुलेटचं कोडं पण सुटलं. पोत्याशेजारी आजोबांची बॅग, त्यात एक फोटो. दादरची चाळ, खाली ही गाडी, आणि गाडीला टेकून उभी बुलेट. दोन्ही त्यांच्याच असाव्यात. आत्याला फोटो पाठवला तर म्हणते, "बघ, मी सांगललंय, बुलेट होतीच." जिंकली.

९ फेब्रुवारी

दाजींच्या शेडमध्ये गाडी नेली, टेम्पोत घालून. दोन होड्यांच्या मधे ठेवलीये, एकीला नवीन तळ चाललाय, दुसरी रंगाला. येणारे जाणारे थांबतात. एक खलाशी विचारून गेला मशीन किती सिलिंडरचं टाकणार आणि जाळं कुठे ठेवणार.

ग्राइंडिंग चालू. जिथे जिथे भद् वाजलं तिथे सुटलेले थर काढून टाकायचे, आणि नुसतं भोक नाही पाडायचं तर कडा लांब उताराने तासायच्या. मी म्हटलं किती लांब, दाजी म्हणाले जाडी एक तर उतार बारा. चार मिमी जाड असेल तर पाच सेंटिमीटर लांब उतार. मग नवीन मॅट (काचेच्या तंतूंची चादर) जुन्यावर पायरीपायरीने चढते आणि पकड घेते, नाहीतर ठिगळ लावल्यासारखं होतं आणि पहिल्या खड्ड्यात सुटतं. संध्याकाळपर्यंत मी असा खाजवतोय की विचारू नका, काचेची कुसळं कॉलरमधून आत जातात. गरम पाण्याने अंघोळ करू नको, आधी गारच पाणी घे म्हणाले, नाहीतर कुसळं कातडीत अजून घुसतात. हे मला आधी सांगायला पाहिजे होतं.

२ मार्च

तासताना एक गोष्ट दिसली. १९५७ च्या लोकांनी हात मारताना काही ठिकाणी रेझिन नीट दाबून हवा काढलेली नाही, बुडबुडे तसेच. कुठे थर जाड, कुठे पातळ. दाजी त्या थरांवर बोट फिरवून सांगतात, हा माणूस शिकलेला होता, हा नवीन होता, इथे याला जेवायला जायची घाई होती. सत्तर वर्षांपूर्वीच्या बिगल्सवेडच्या कामगाराची हजेरी देवगडला लागतेय.

१६ मार्च

शिमगा झाला, पालखी झाली, कालपासून मॅट मारायला घेतली. पॉलिएस्टर रेझिन, हार्डनर दीड टक्का, जास्त घातला की डबा हातातच धुमसतो. आधी मॅट, मग रोविंग (काचेचं विणलेलं कापड), परत मॅट, लोखंडी रोलरने हवा काढायची. हवा कोरडी आहे तोवर हे संपवायचं, कारण मॅट दमट झाली की रेझिन पांढरं पडतं आणि आत धरत नाही. दाजींचा नियम, "सकाळी दव सुकल्याबिगर मॅट मारूक नाय." नऊच्या आधी डब्याला हात लावत नाहीत.

तळाचे सगळे मोठे पॅच झाले. पुढचं नाक राहिलंय.

मधल्या काळात शेडमधल्या पोरांनी माझ्या डोक्यात भुंगा सोडलाय. म्हणे राजदूत ३५० चं मशीन टाका. विचार करण्यासारखं आहे हो. एस्कॉर्ट्सने ऐंशीच्या दशकात यामाहाकडून घेऊन काढलेली ती राजदूत, ३४७ सीसी, टूस्ट्रोक, दोन सिलिंडर शेजारी शेजारी. आपलं मूळ ३२८, टूस्ट्रोक, दोन सिलिंडर शेजारी शेजारी. इतकं जुळतं की राहवत नाही. आणि ताकद मूळच्या दीडपट.

१३ एप्रिल

आंबा. महिनाभर काही होणार नाही, घरी मीच एकटा पेट्या भरायला.

४ मे

आता अॅल्युमिनियम. खरं दुखणं हेच होतं, फायबर नव्हे. मशीन जिथे बसतं तो पुढचा पडदा आणि पुढच्या सस्पेन्शनच्या पेट्या, बोटाने टोचलं की पापडासारखं मोडतं. का, तर अॅल्युमिनियमला लोखंडी बोल्ट मारलेत, मधे खारी हवा. दोन वेगवेगळे धातू आणि मिठाचं पाणी म्हणजे झाली बॅटरी, त्यात अॅल्युमिनियम स्वतःला खाऊन घेतं. वायरिंगवाल्याला हे कळतंच, पण इतक्या मोठ्या प्रमाणात बघितलं नव्हतं. बिगल्सवेड समुद्रापासून लांब, त्यांना हा विचार करायची गरज पडली नसेल.

जुन्या पडद्यांवरून आधी पुठ्ठ्याची मापं काढली, मग होडीला वापरतात ते ५०८३ जातीच्या अॅल्युमिनियमचं शीट कापलं. बोल्टच्या जागी नायलॉनचे वॉशर, मधे सीलंट, धातू धातूला शिवायलाच द्यायचा नाही. दाजींच्या होड्यांच्या टाक्या अशाच बसवतात.

राजदूतचं मशीन रद्द. मन मारून. कारण २०२१ च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज गाड्यांचा नियम आणला, पन्नास वर्षांवरची गाडी असेल तर वेगळी नोंदणी, नंबरात व्हीए अक्षरं, नवीन नोंदणीला फी वीस हजार. पण अट अशी की चॅसिस, बॉडी किंवा मशीनमध्ये मोठा बदल केलेला नसावा. राजदूत टाकली की गाडी पळेल पण व्हिंटेज राहणार नाही, आणि मग आरटीओला ती नेमकी कोण म्हणून सांगायची. नियमावर माझा राग नाही, उलट बरं झालं, नाहीतर मोह आवरला नसता. व्हीए नंबरवर तशीही रोज भाजी आणायला नेता येत नाही, फक्त शो, रॅली, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. आम्हाला गावात आरतीला नेता आली तरी पुष्कळ.

२५ मे

पाऊस. मेमध्ये! आज मान्सून देवगडात पोचला म्हणून हवामान खात्यानेच सांगितलं, आणि आधीचे पाच दिवस नुसता कोसळत होता. माझं नाकाचं शेवटचं काम आणि जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा रंगीत थर) राहिलाय, दाजींनी सरळ डबे बंद केले. बागेतला शेवटचा आंबा पण भिजला. यंदा सगळ्यांचंच गणित चुकलं.

आता होड्या वर काढायची घाई, १ जूनपासून मासेमारी बंद. शेडमध्ये गर्दी होणार आणि बर्कली कोपऱ्यात जाणार.

२२ जून

करायला काही नाही म्हणून कंपनी कशी बुडाली ते लिहितो.

१९५६ ते ६० या चार पाच वर्षांत सगळ्या मिळून चार हजारांच्या थोड्या वर गाड्या केल्या, त्यातल्या खूप अमेरिकेला गेल्या. छोट्या कंपनीच्या मानाने हा आकडा वाईट नाही. पण मशीन स्वतःचं नाही, गिअरबॉक्स अल्बियनचा, म्हणजे तोही मोटरसायकलवाल्यांचा, तिथून पुढच्या चाकांकडे चेन. मशीनमध्ये तक्रार आली की शिव्या बर्कलीला. आणि टूस्ट्रोकच्या तक्रारी येतच राहिल्या. आमच्या पोत्यातला पिस्टन साक्षीला आहेच.

मग मोठे आले. मे १९५८ मध्ये ऑस्टिन हिली स्प्राइट, ६६९ पौंड, चार सिलिंडरचं खरं गाडीचं मशीन, कुठल्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होणारं. आणि ऑगस्ट १९५९ मध्ये मिनी, ४९७ पौंडांना. चार माणसं, पुढची चाकं फिरणारी, मशीन आडवं. जी युक्ती बाँडने गरिबीत केली तीच मोठ्या कंपनीने पैसे ओतून केली आणि बर्कलीपेक्षा स्वस्त विकली. यापुढे कोण कशाला चेनवाली घेईल.

शेवटची धडपड म्हणून १९६० च्या शोमध्ये बँडिट नावाची गाडी ठेवली, जॉन टोजेरोने डिझाइन केलेली, फोर्डचं ९९७ सीसी मशीन घातलेली. ती असती तर कदाचित. पण तोवर कॅराव्हॅनचा मूळ धंदाच बसलेला. ज्या धंद्याला टेकू द्यायला गाडी काढली तोच गाडीला घेऊन खाली गेला. डिसेंबर १९६० मध्ये दिवाळं. विकत घ्यायला कोण पुढे आलं होतं माहितीये? शार्प्स कमर्शियल्स. म्हणजे बाँडची मिनिकार बनवणारे तेच. ते पण शेवटी जमलं नाही आणि १९६१ मध्ये बर्कलीचं सामान विकून टाकलं. कारखान्यात नंतर बायकांचे आतले कपडे शिवणारी कंपनी आली.

मला राहून राहून वाटतं की यांची अक्कल कवचात होती, मशिनीत नव्हती. आणि इतिहासाने पण अगदी तेवढंच शिल्लक ठेवलं. दाजींसारखंच म्हणायला हवं होतं त्यांनी, मशिनीचं आम्हाला काय विचारू नका.

१३ जुलै

उघडीप मिळाली तीन दिवस. नाक पूर्ण. शेडमध्ये दोन हॅलोजन लावून आतली हवा कोरडी केली. दाजी म्हणाले लाइटबिल तुझ्याकडे.

३ ऑगस्ट

होड्या पाण्यात गेल्या, शेड रिकामी, दाजी माझे. जेलकोट, घासाघास, परत जेलकोट. रंग जुन्या लालच्या जवळचा, डॅशबोर्डखाली जिथे ऊन लागलं नव्हतं तिथल्या तुकड्यावरून मिळवला. होडीला मारायचा लाल उरलेला त्यातूनच केलाय, कोणाला सांगू नका.

टायर बारा इंची. मूळचे ५.२० वाले इथे कुठे मिळणार, ओम्नीचे १४५ आर १२ घातले, दिसायला थोडे गुबगुबीत. सिबाचा डायनास्टार्ट, म्हणजे स्टार्टर आणि डायनामो एकाच डब्यात, तो मात्र मी स्वतः खोलला, वाइंडिंग कणकवलीला करून घेतलं आणि टेबलावर बारा व्होल्टला फिरला! मशीन नाही, पण मशीन सुरू करायचं यंत्र तयार आहे. सिलिंडर अजून एकच आहे, दुसऱ्याचा शोध इंग्लंडच्या बाजूने चालू.

१७ ऑगस्ट

पाण्याची परीक्षा. नवीन होडी झाली की दाजी आत पाणी भरून ठेवतात आणि बाहेरून बघतात कुठे घाम येतो. गाडीला पण तेच केलं. तळात चार इंच पाणी, रात्रभर. सकाळी पुढच्या पडद्याच्या कोपऱ्यात दोन थेंब, आणि तळाला जुनी बारीक भोकं होती त्यातून धार. दाजींना भोकं म्हणजे गुन्हा. सगळी बुजवली, पडद्याचा कोपरा परत सील केला, परत पाणी भरलं. दुसऱ्या रात्री एक थेंब नाही. दाजींच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते त्यांच्या स्वतःच्या होडीला पण नसतं.

२४ ऑगस्ट

गाडी घरी आली. धक्का मारत, पाखाडीच्या तोंडापर्यंत टेम्पो आणि तिथून अंगणापर्यंत आठ पोरं. चाकावर फिरते, ब्रेक लागतात, वळते. आत्या मुंबईहून आली गणपतीला, ती आत बसली, स्टेअरिंग धरलं आणि पाच मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, "हॉर्न खंय?"

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. रात्रीच्या आरतीनंतर सगळे आत, पत्त्यांचा डाव रंगलेला, बाहेर धो धो. गाडीचं कापडी छप्पर अजून शिवायचंय, वर टाकलेली ताडपत्री वाऱ्याने कधी उडाली कळलंच नाही.

सकाळी बघतो तर सीटच्या उंचीपर्यंत पाणी. काठोकाठ, वर जास्वंदीची दोन फुलं तरंगतायत आणि एक थेंब खाली गळत नाही. इंग्रजांनी ती भोकं पाणी जायलाच ठेवली होती, आणि आम्ही ती बुजवून पास झाल्याचे पेढे वाटले होते.

दाजी दर्शनाला आले, अंगणात थांबले, बघत राहिले. मग विचारतात, "बूच खंय ठेवलंस?"

काढायला बूचच ठेवलेलं नाही, भोकं कायमची बुजवलेली. मी, भावोजी आणि दोन भाचे, दोन टोप आणि एक तांब्या घेऊन अकरापर्यंत पाणी उपसत होतो. दाजी पायरीवर बसून चहा पीत सांगत होते, आधी मागच्या बाजूचं काढा, होडी पुढे झुकली पाहिजे.